विश्लेषण : शिक्षकांच्या पाठ टाचणातली ‘पंचपदी’ आली कुठून? तीन भावांना शिकवता शिकवता धड्याचं शास्त्र मांडणाऱ्या हर्बार्ट यांची गोष्ट

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा, ‘हर्बार्टची पंचपदी’ हे शब्द लगेच आठवतील. सराव पाठाच्या आदल्या रात्री जागून लिहिलेलं टाचण, त्यातले रकाने आणि ‘प्रस्तावना’पासून ‘उपयोजना’पर्यंतच्या पायऱ्या हे सगळं याच नावाशी जोडलेलं आहे. गंमत अशी, की ज्यांच्या नावाने ही पंचपदी ओळखली जाते, त्या जर्मन तत्त्वज्ञाने पाच पायऱ्या सांगितल्याच नव्हत्या. त्यांनी सांगितलं होतं ते वेगळंच, आणि आज तयार टाचणांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असताना ते पुन्हा समजून घेण्यासारखं आहे. कोण होते हर्बार्ट? त्यांची कल्पना काय होती? आणि तिचा साचा कसा झाला? जाणून घेऊ.

पंचपदी म्हणजे नेमकं काय?

एखादा नवा मुद्दा वर्गात शिकवायचा तर तो कोणत्या क्रमाने न्यावा, याचं उत्तर पंचपदी देते. प्रस्तावना, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन अशा या पाच पायऱ्या. वेगवेगळ्या पुस्तकांत नावं थोडी बदलतात, पण क्रम हाच.

समजा, बाष्पीभवन शिकवायचं आहे. शिक्षिका आधी मुलांना विचारते, दोरीवर टाकलेले ओले कपडे वाळतात तेव्हा त्यातलं पाणी जातं कुठे? ही झाली प्रस्तावना. मुलांना जे आधीच माहीत आहे, ते इथे वर काढलं जातं. मग ती एका ताटलीत आणि एका पेल्यात सारखंच पाणी ओतून उन्हात ठेवते, अशीच दुसरी जोडी सावलीत ठेवते. हे सादरीकरण. कोणतं पाणी आधी आटलं आणि का, हे मुलं ताडून पाहतात. ही तुलना. त्यातून नियम निघतो : पाण्याचा पृष्ठभाग मोठा असेल, ऊन किंवा वारा असेल, तर पाण्याची वाफ लवकर होते. हे सामान्यीकरण. शेवटी प्रश्न येतो, चहा बशीत ओतला की लवकर का निवतो? पुसलेली फरशी पंखा लावल्यावर लवकर का वाळते? हे उपयोजन.

हा क्रम वाचताना अगदी साधा वाटतो. पण यातली पहिली पायरी मुलाच्या डोक्यात आधी काय आहे यावर उभी आहे, आणि हर्बार्ट यांचं खरं योगदान तिथेच आहे.

हर्बार्ट कोण होते?

योहान फ्रीडरिश हर्बार्ट यांचा जन्म ४ मे १७७६ रोजी उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग इथे झाला. वडील सरकारी सेवेतले कायदेतज्ज्ञ, आजोबा गावातल्या शाळेचे प्रमुख. लहानपणी झालेल्या अपघातामुळे हर्बार्ट यांची प्रकृती नाजूक होती. त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं त्यांचं शिक्षण घरीच, आईच्या देखरेखीखाली झालं. बाराव्या वर्षाच्या सुमारास ते शाळेत जाऊ लागले.

१७९४ मध्ये ते येना विद्यापीठात दाखल झाले. तेव्हा येना हे जर्मन तत्त्वज्ञानाचं मोठं केंद्र होतं आणि फिश्टे तिथे शिकवत होते. हर्बार्ट त्यांचे विद्यार्थी झाले, पण भक्त झाले नाहीत. माणसाचा ‘स्व’ स्वतःहून सगळं निर्माण करतो, ही फिश्टे यांची मांडणी त्यांना पटेना. माणसाचं मन अनुभवांतून, एकेका कल्पनेतून घडत जातं, असं त्यांना वाटू लागलं. हा मतभेद वरवर तत्त्वज्ञानाचा दिसतो. पण मन जर घडत जातं, तर ते घडवण्याचं काम विचारपूर्वक करता येईल का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

पहिले विद्यार्थी फक्त तीन

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची संधी त्यांना वयाच्या एकविसाव्या वर्षी मिळाली. १७९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचे प्रशासक श्टायगर यांच्या घरी ते मुलांचे शिक्षक म्हणून राहिले. मुलं तीन : थोरला १४ वर्षांचा, मधला १० आणि धाकटा ८ वर्षांचा.

श्टायगर यांची एक अट होती. मुलांची प्रगती आणि शिकवण्याची पद्धत यांचा अहवाल दर दोन महिन्यांनी लेखी द्यायचा. त्यातले पाच अहवाल आज उपलब्ध आहेत. पुढे युरोप-अमेरिकेत पसरलेल्या एका मोठ्या शैक्षणिक विचाराची सुरुवात या कागदांत दिसते.

या अहवालांत हर्बार्ट यांनी किती धडे झाले याचा हिशेब देऊन काम संपवलं नाही. प्रत्येक मुलाचा स्वभाव कसा आहे, त्याचं लक्ष कशात लागतं, कशात लागत नाही, याचा ते विचार करताना दिसतात. थोरल्या मुलाच्या सवयी आणि आवडी बऱ्याच अंशी घडून गेल्या होत्या. धाकट्यांचं मन अजून मोकळं होतं. मग तिघांना एकच अभ्यास एकाच पद्धतीने देऊन कसं चालेल?

भाषेच्या बाबतीतही त्यांनी नेहमीची वाट सोडली. त्या काळी लॅटिन व्याकरण आधी आणि गोष्टी नंतर, असा क्रम असायचा. हर्बार्ट यांनी होमरच्या ‘ओडिसी’पासून सुरुवात करण्याचा आग्रह धरला. समुद्र, वादळं, राक्षस आणि घरी परतू पाहणारा नायक या गोष्टीत दहा वर्षांच्या मुलाचं मन आपोआप रमतं, व्याकरण त्याच्या मागून आणता येतं, असा त्यांचा हिशेब होता.

पेस्टालॉझी यांच्याकडून काय मिळालं?

स्वित्झर्लंडमध्ये असतानाच हर्बार्ट यांनी बुर्गडॉर्फ इथे योहान हाइनरिश पेस्टालॉझी यांची भेट घेतली. पेस्टालॉझी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते आणि गरीब घरांतल्या मुलांना शिकवत होते. मुलाला आधी वस्तू दाखवा, ती बघू द्या, मोजू द्या, तिचा आकार ओळखू द्या आणि मग शब्द द्या, हा त्यांचा मार्ग होता.

हर्बार्ट या कामाने भारावले. १८०२ मध्ये त्यांनी पेस्टालॉझी यांच्या निरीक्षणाच्या कल्पनेवर पुस्तक लिहिलं आणि तिला गणिताची जोड दिली. मुलांनी आकार नीट बघायला शिकावं म्हणून त्रिकोणांचा पद्धतशीर वापर त्यात सुचवला होता. पण त्यांना एक उणीवही जाणवली होती. मूल वस्तू बघतं, हे ठीक. बघितलेली वस्तू त्याच्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टींशी कशी जुळते, याचं उत्तर मिळायचं होतं.

आधीचं ज्ञान इतकं महत्त्वाचं का?

हर्बार्ट यांच्या मते मन म्हणजे रिकामी खोली नव्हे. तिथे आधीच अनेक कल्पना असतात. काही ठळक, काही विसरल्यासारख्या. नवी गोष्ट आली की तिच्याशी नातं सांगणाऱ्या जुन्या कल्पना जाग्या होतात आणि तिला आपल्यात सामावून घेतात. अशा कल्पना जाग्या झाल्याच नाहीत, तर नवी गोष्ट कानावर पडते आणि निघून जाते.

जाणिवेला एक उंबरठा असतो, अशी कल्पना त्यांनी मांडली. काही कल्पना उंबरठ्याच्या अलीकडे, म्हणजे आपल्या लक्षात असतात. बाकीच्या पलीकडे दबलेल्या असतात, पण नाहीशा होत नाहीत. शिकवायला सुरुवात करण्याआधी योग्य त्या कल्पना उंबरठ्याच्या अलीकडे आणणं हे शिक्षकाचं पहिलं काम. आपल्याकडे शिक्षक प्रशिक्षणात ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र शिकवलं जातं, त्यामागचं मानसशास्त्र हर्बार्ट यांनी असं उलगडून दाखवलं.

धडा आखायचा, मग ऐनवेळच्या प्रसंगांचं काय?

हर्बार्ट यांनी १८०२ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली. तिथल्या पहिल्याच व्याख्यानांत त्यांनी प्रत्येक शिक्षकाला पडणारा प्रश्न घेतला. तयारी कितीही केली तरी वर्गात भलतंच काही घडतं. मग तयारीचा उपयोग काय?

त्यांचं उत्तर असं होतं : सिद्धांत आणि प्रत्यक्ष वर्ग यांच्यामध्ये शिक्षकाचं प्रसंगावधान उभं असतं. मूल अनपेक्षित प्रश्न विचारतं, गोंधळतं किंवा कंटाळतं, तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. त्या क्षणी शिक्षक जे चटकन ठरवतो, ते त्याने आधी केलेल्या विचारातूनच येतं. विचार केलेलाच नसेल, तर तो फक्त सवयीने वागतो.

म्हणजे धड्याची आखणी ही मिनिटामिनिटाचं वेळापत्रक ठरवण्यासाठी नव्हती. ऐनवेळी योग्य निर्णय घेता यावा म्हणून शिक्षकाने स्वतःची केलेली ती तयारी होती.

मग त्यांनी टप्पे सांगितले तरी कोणते?

१८०६ मध्ये त्यांचं शिक्षणशास्त्रावरचं मुख्य पुस्तक आलं. शिकवण्याचं अंतिम ध्येय चारित्र्य घडवणं हे आहे आणि त्याची वाट मुलाच्या मनात अनेक विषयांबद्दल रस निर्माण करण्यातून जाते, हा त्याचा गाभा. रस म्हणजे मुलांना गप्प बसवण्यासाठी केलेली करमणूक नव्हे. धडा संपल्यावरही त्या विषयाकडे वळावंसं वाटणं, म्हणजे रस.

शिकण्याच्या प्रक्रियेत त्यांना दोन हालचाली दिसल्या. एक म्हणजे एखाद्या गोष्टीत खोल शिरणं, दुसरी म्हणजे थोडं मागे येऊन तिचा इतर गोष्टींशी मेळ घालणं. त्यातून त्यांनी चार टप्पे मांडले. स्पष्टता, म्हणजे एकेक गोष्ट वेगळी करून नीट बघणं. साहचर्य, म्हणजे ती माहीत असलेल्या गोष्टींशी जोडणं. व्यवस्था, म्हणजे जोडलेल्या गोष्टींतला क्रम आणि नियम दिसणं. आणि पद्धत, म्हणजे तो नियम स्वतः वापरून बघणं.

हे चार टप्पे मुलाच्या मनात काय घडतं याचं वर्णन होतं. एका तासिकेत घंटा वाजायच्या आत चारही उरकायचे, असा नियम नव्हता.

कान्ट यांच्या अध्यासनावर

१८०९ मध्ये हर्बार्ट यांना क्योनिग्सबर्ग विद्यापीठाचं बोलावणं आलं. सात पुलांच्या गणिती कोड्यामुळे अनेकांना माहीत असलेलं हे शहर आज कालिनिनग्राद नावाने रशियात आहे. तिथे तत्त्वज्ञानाच्या ज्या अध्यासनावर कधी काळी इमॅन्युएल कान्ट होते, ते मधल्या काळात क्रुग यांच्याकडे होतं आणि नंतर हर्बार्ट यांच्याकडे आलं. पुढची जवळपास २४ वर्षं ते तिथे राहिले. १८११ मध्ये त्यांनी मेरी ड्रेक या इंग्रज तरुणीशी लग्न केलं.

क्योनिग्सबर्गमध्ये त्यांनी शिक्षणशास्त्राचं अभ्यास केंद्र सुरू केलं आणि त्याला लहानशी शाळा जोडली. शिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी तिथे प्रत्यक्ष मुलांना शिकवायचे आणि त्या शिकवण्यावर चर्चा व्हायची. आजच्या सराव पाठांचं नातं अशा प्रयोगांशी आहे. आधी वाचायचं, मग शिकवून बघायचं, मग पुन्हा विचार करायचा, हा क्रम त्यांनी शिक्षकांनाही लावला.

याच काळात त्यांनी मनाचं गणित मांडायचा घाट घातला. मानसशास्त्राला गणित लागू होत नाही, म्हणून ते काटेकोर विज्ञान होऊ शकत नाही, असं कान्ट यांचं मत होतं. त्यांच्याच अध्यासनावर बसलेल्या हर्बार्ट यांनी १८२४-२५ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहून कल्पना एकमेकींना कशा दाबतात याची समीकरणं दिली. मात्र समीकरणात घालायचे आकडे मोजणार कसे, याला उत्तर नव्हतं. प्रयोग न करता मांडलेलं ते गणित टिकलं नाही. पण मनाचा अभ्यास मोजमापाने करता येईल, ही दिशा पुढच्या प्रायोगिक मानसशास्त्रज्ञांना मिळाली.

चारित्र्याचा पुरस्कर्ता, पण कसोटीच्या वेळी?

हेगेल यांच्या निधनानंतर बर्लिनचं अध्यासन मिळावं, अशी हर्बार्ट यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. १८३३ मध्ये ते ग्योटिंगेनला परतले. तिथे १८३७ मध्ये असा प्रसंग आला, की त्याचा डाग त्यांच्या नावावर राहिला.

हॅनोव्हरचे नवे राजे अर्न्स्ट ऑगस्ट यांनी १८३३ची राज्यघटना रद्द केली. विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यात परीकथांचे संग्राहक याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे बंधू होते. चुंबकीय प्रवाहाच्या एककाला ज्यांचं नाव दिलं गेलं, ते विल्हेल्म वेबरही होते. सातही जणांना नोकरीवरून काढलं, तिघांना राज्य सोडावं लागलं. हर्बार्ट तेव्हा तत्त्वज्ञान विद्याशाखेचे अधिष्ठाता होते. ते या सात जणांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. प्राध्यापकांनी राजकारणापासून दूर राहावं, अशी त्यांची भूमिका होती. अनेक विद्यार्थ्यांच्या मनातून ते उतरले.

शिक्षणाचं ध्येय चारित्र्य आहे, असं आयुष्यभर मांडणाऱ्या माणसाची ही बाजू त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. १४ ऑगस्ट १८४१ रोजी ग्योटिंगेनमध्येच त्यांचं निधन झालं.

चाराच्या पाच पायऱ्या कुणी केल्या?

हयातीत हर्बार्ट यांच्या शिक्षणविचाराची फारशी दखल घेतली गेली नव्हती. तो पसरला मृत्यूनंतर, आणि शिष्यपरंपरेमुळे. लाइपझिगचे तुइस्कोन त्सिलर यांनी १८६०च्या दशकात या विचाराला शाळेत वापरता येईल असं रूप दिलं. त्यांनी ‘स्पष्टता’ या पहिल्या टप्प्याचे दोन भाग केले : आधी मुलाकडे असलेल्या कल्पनांचं विश्लेषण, मग नव्याची भर. चाराचे पाच झाले ते इथे. येनाचे विल्हेल्म राइन यांनी या पायऱ्यांना सोपी नावं दिली आणि ‘पूर्वतयारी, सादरीकरण, जोडणी, सारांश, उपयोजन’ असा क्रम रूढ झाला.

त्सिलर यांच्या अभ्यासक्रमात पहिलीच्या मुलांसाठी ग्रिम बंधूंच्या परीकथा होत्या. ज्या ग्रिम बंधूंच्या पाठीशी हर्बार्ट उभे राहिले नव्हते, त्यांच्याच गोष्टी हर्बार्टवाद्यांच्या शाळेत पहिला धडा ठरल्या.

राइन यांच्याकडे शिकायला अनेक देशांतून शिक्षक येत. अमेरिकेत १८९५ मध्ये ‘नॅशनल हर्बार्ट सोसायटी’ स्थापन झाली. इंग्रजी शिक्षक-प्रशिक्षणाच्या वाटेने ही पंचपदी भारतात आली आणि मराठी टाचण वहीतही स्थिरावली.

टीका काय झाली?

पाच पायऱ्या लक्षात ठेवायला सोप्या होत्या, तपासायलाही सोप्या. त्यामुळे प्रशिक्षण महाविद्यालयांना आणि तपासणी अधिकाऱ्यांना त्या सोयीच्या ठरल्या. विषय कविता असो, गणित असो की चित्रकला, प्रत्येक तासिकेत पाचही पायऱ्या दिसल्याच पाहिजेत, असा हट्ट सुरू झाला. कवितेतून ‘सामान्यीकरण’ काय काढायचं, हा प्रश्न कुणी विचारायचा?

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. या पायऱ्या शिक्षकाने तयारी करताना विचारात घ्यायच्या आहेत, वर्गात त्याच क्रमाने चालण्याची सक्ती नको, असं त्यांनी मांडलं. १९१६ च्या पुस्तकात त्यांनी हर्बार्ट यांना श्रेयही दिलं : शिकवणं सवय आणि योगायोग यांच्या तावडीतून सोडवून त्यांनी ते विचारपूर्वक करण्याचं काम बनवलं. मात्र यात शिक्षकच सगळं करतो आणि मुलाच्या स्वतःच्या धडपडीला जागा कमी उरते, ही त्यांची तक्रार होती. आपल्याकडे आता रुळलेला ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द याच तक्रारीच्या वळणावरचा आहे.

तरीही हर्बार्ट यांचा मूळ मुद्दा बाद झाला नाही. १९६८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी शिकण्यावर सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट म्हणून मुलाच्या पूर्वज्ञानाकडेच बोट दाखवलं. ते आधी तपासा आणि त्यानुसार शिकवा, हा त्यांचाही सल्ला होता.

आजच्या शिक्षकाला याचा उपयोग काय?

आज पाठ टाचण मिळवणं अवघड नाही. इयत्ता आणि घटक टाकला की तयार नमुना मोबाईलवर येतो, एआयला सांगितलं तर काही सेकंदांत पाचही पायऱ्या भरून मिळतात. त्यात उद्दिष्टं असतात, फलक लेखन असतं, मूल्यमापनाचे प्रश्नही असतात. नसते ती एकच गोष्ट : आपल्या वर्गातल्या मुलांना या विषयाबद्दल आधी काय माहीत आहे, याची माहिती. समुद्रकाठच्या शाळेतलं मूल मिठागरं बघत मोठं झालेलं असतं, दुष्काळी भागातल्या मुलाने तळं आटताना पाहिलेलं असतं. बाष्पीभवनाचा धडा दोघांसाठी एकच असला तरी त्याची सुरुवात एक असू शकत नाही. ती सुरुवात त्या वर्गाच्या शिक्षकालाच लिहावी लागते.

हर्बार्ट यांच्या मूळ विचारातून आखणीसाठी चार साधे प्रश्न हाती लागतात. मुलांना यातलं काय आधीच माहीत आहे आणि ते मी कसं वर काढणार? नवी गोष्ट मी त्यांना दाखवणार कशी? ती जुन्याशी कुठे जोडली जाईल? आणि शिकलेलं ते स्वतः कुठे वापरून बघतील? उत्तरं एका तासिकेत संपतील किंवा आठवडाभर चालतील. कवितेसाठी एखादा प्रश्न गाळावाही लागेल.

तासिका संपल्यावर करायचं एक कामही श्टायगर यांच्या घरच्या अहवालांतून शिकण्यासारखं आहे. कोणत्या मुलाचं लक्ष कुठे लागलं, कोण कुठे अडलं, हे दोन ओळींत लिहून ठेवणं. उद्याच्या टाचणातली ‘प्रस्तावना’ त्या दोन ओळींतूनच मिळते.